झटके येत असलेल्या रुग्णाचे घटनास्थळी उपचार: नव्या पॅरामेडिकसाठी

झटक्यांचे बहुतेक कॉल तुम्ही पोहोचण्याआधीच निवळलेले असतात. हातपाय आवळून थरथरणारा मोठा झटका सहसा एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतो. मग रुग्ण घोरल्यासारखा श्वास घेत पडलेला असतो, विचारलेले कळत नाही, कपडे कधी ओले झालेले असतात. अशा रुग्णाला औषध लागत नाही. त्याला नीट कुशीवर वळवायचे, श्वास आणि साखर पाहायची आणि शुद्धीवर येईपर्यंत लक्ष ठेवायचे.

पण तुम्ही दारातून आत शिरताना झटका चालूच असेल, तर हिशेब बदलतो. घरच्यांनी घाबरून फोन शोधला, कॉल लागला, पत्ता सांगितला, गाडी निघाली, पोहोचली. एवढ्यात पाच मिनिटे केव्हाच उलटून गेलेली असतात. म्हणून पोहोचल्यावर नव्याने घड्याळ लावून 'पाच मिनिटे थांबून बघू' असे करू नका. पोहोचल्यावरही झटका चालू दिसला, तर तो स्टेटस एपिलेप्टिकस, म्हणजे आपोआप न थांबणारा लांबलेला झटका, धरा आणि औषध भरायला घ्या.

ही पाच मिनिटांची रेघ का, ते समजून घ्या. पूर्वी तीस मिनिटांपेक्षा जास्त चाललेल्या झटक्यालाच स्टेटस म्हणत. 2015 मध्ये इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने दोन टप्पे ठरवून दिले. मोठ्या टॉनिक-क्लॉनिक झटक्यात 5 मिनिटांनंतर तो आपोआप थांबण्याची शक्यता फार कमी होते, म्हणून तिथे उपचार सुरू करायचे. 30 मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरायचा. या दोन टप्प्यांच्या मधला वेळ तुमच्या हातातला आहे. दोन झटक्यांच्या मध्ये रुग्ण शुद्धीवर आलाच नाही, तर तोही स्टेटसच.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मेंदूतल्या पेशींना लगाम घालणाऱ्या गाबा रिसेप्टरवर आपली औषधे काम करतात. झटका जितका लांबतो तितके हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात आणि औषधाला पकडायला जागाच कमी उरते. जे औषध सहाव्या मिनिटाला झटका थांबवते, तेच तेवढ्याच मात्रेत पंचविसाव्या मिनिटाला निकामी ठरू शकते. झटक्याच्या कॉलवर उशीर आणि अर्धवट डोस ही दोन खरी संकटे आहेत. बाकी सगळे यांच्यानंतर.

पोहोचताच

आत जाताना सक्शन, ऑक्सिजन, बॅग-मास्क, ग्लुकोमीटर आणि औषधांची पेटी एकाच फेरीत न्या. गाडीकडे परत पळण्यात जाणारी दोन मिनिटे इथे परवडत नाहीत.

रुग्णाभोवतीचे सामान बाजूला करा आणि डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा. हातपाय दाबून धरू नका, कुणाला धरूही देऊ नका. दाबल्याने झटका थांबत नाही. खांदा निखळतो किंवा हाड मोडते. कुणी तोंडात चमचा, कापड किंवा बोट घालत असेल तर लगेच थांबवा. दातखीळ बसलेली असताना जबडा उघडायच्या नादात दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. जीभ 'गिळली जात' नाही. ती चावली जाते, आणि तोवर चावून झालेली असते.

मग आधी हा खरेच झटका आहे का, ते पाहा. हृदय अचानक बंद पडते तेव्हा मेंदूला रक्त न मिळाल्याने काही सेकंद हातपाय झटकले जातात, आचके दिल्यासारखा श्वास येतो आणि बघणारा 'फिट आली' असेच सांगतो. थरथर चालू असताना मानेची नाडी लागणे कठीण असते, पण थरथर थांबताच नाडी आणि श्वास तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाडी नसेल तर सीपीआर आणि डिफिब्रिलेटर. तरुण माणूस खेळता खेळता कोसळला आणि 'झटका' आला असे कळले, तर ही शंका आणखी बळकट धरा.

साधी भोवळ येऊन पडलेल्यालाही काही सेकंद झटके येतात. फरक असा की तो पडल्या पडल्या लवकर शुद्धीवर येतो आणि बोलतो. खऱ्या झटक्यानंतर गोंधळलेली अवस्था काही मिनिटे तरी टिकते, अनेकदा अर्धा तास किंवा त्याहूनही जास्त.

मानसिक ताणातून येणाऱ्या, अपस्माराशी संबंध नसलेल्या झटक्यांबद्दलही सांगतो. त्यात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, डोके डावीकडे-उजवीकडे हलत राहते, जोर कमी-जास्त होतो आणि प्रकार बराच वेळ चालतो. अपस्माराच्या झटक्यात डोळे सहसा उघडे असतात. पण ही लक्षणे शंभर टक्के खात्रीची नाहीत आणि त्याच व्यक्तीला अपस्मारही असू शकतो. हा माणूस मुद्दाम काही करत नसतो. त्याला चिमटे काढून 'तपासू' नका, आणि रिपोर्टमध्ये 'नाटक' हा शब्द कधीही लिहू नका. शंका असेल तर खरा झटका समजून उपचार करा.

श्वास आणि साखर

झटका चालू असताना शक्य तितके रुग्णाला कुशीवर ठेवा, म्हणजे लाळ, रक्त, उलटी बाहेर वाहून जाईल. गालाच्या आतून सक्शन करा, दातांच्या मधून घुसवू नका. मास्कने ऑक्सिजन लावा. जबडा उघडत नसेल आणि श्वासाला घरघर असेल तर नाकातून नेझोफॅरिंजियल एअरवे (घशापर्यंत जाणारी मऊ नळी) घालता येतो. मात्र चेहऱ्याला किंवा कवटीच्या तळाला मार असेल तर तो जपून. झटका चालू असताना पल्स ऑक्सिमीटरचा आकडा बोटाच्या थरथरीमुळे फसवा येतो. ओठांचा रंग आणि छातीची हालचाल बघा.

साखर प्रत्येकाची तपासा. 'याला जुना अपस्मार आहे, तोच असणार' म्हणून ग्लुकोमीटर पिशवीत ठेवू नका. अपस्मार असलेल्या माणसाचीही साखर उतरू शकते, आणि साखर उतरल्यामुळे आलेल्या झटक्यावर बेंझोडायझेपिनचे (मिडॅझोलॅम, लोराझेपॅम, डायझेपॅम हा झटका थांबवणाऱ्या औषधांचा गट) कितीही डोस दिले तरी मूळ कारण तसेच राहते. साखर 60 मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर ग्लुकोज द्या. प्रौढ व्यक्तीला 25 ग्रॅम, म्हणजे 10 टक्के डेक्स्ट्रोजचे 250 मिली किंवा 25 टक्क्यांचे 100 मिली. 10 टक्क्यांचे द्रावण मला जास्त सोयीचे वाटते. शिरेबाहेर गळाले तर त्याने कातडी जळण्याची भीती कमी असते. मद्याचे व्यसन किंवा बरेच दिवसांची उपासमार असेल तर सोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-1) 100 मिग्रॅ. शीर मिळत नसेल तर ग्लुकागॉन 1 मिग्रॅ स्नायूत, पण त्याचा परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि यकृतात साठा नसलेल्या रुग्णात तो होतही नाही.

साखर तपासणे आणि औषध भरणे ही कामे दोघांनी एकाच वेळी करायची. एकाने बोटाला सुई टोचली की दुसऱ्याच्या हातात सिरिंज हवी.

औषध

इथे जरा थांबून वाचा, कारण चुका इथेच होतात.

नव्या माणसाचा हात आधी शिरेकडे जातो. थरथरणाऱ्या हातात शीर शोधायची, टर्निके लावायचा, सुई निसटली की दुसरीकडे बघायचे. त्यात चार-पाच मिनिटे सहज जातात. अमेरिकेत पॅरामेडिकनी केलेल्या रॅम्पार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्नायूत मिडॅझोलॅम आणि शिरेत लोराझेपॅम यांची तुलना होती. शिरेतले औषध एकदा आत गेले की लवकर काम करते, यात वाद नाही. पण स्नायूत द्यायला साधारण सव्वा मिनिट लागले आणि शिरेत द्यायला जवळपास पाच. शेवटी रुग्णालयात पोहोचताना झटका थांबलेला होता अशांचे प्रमाण स्नायूतल्या गटात 73 टक्के आणि शिरेतल्या गटात 63 टक्के निघाले. श्वासनलिकेत नळी घालायची वेळ दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात आली.

म्हणून आधीच शीर लावलेली नसेल तर मिडॅझोलॅम सरळ मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्या. वजन 40 किलोपेक्षा जास्त असेल तर 10 मिग्रॅ, 13 ते 40 किलो असेल तर 5 मिग्रॅ. एकच डोस, एकाच वेळी.

आता ॲम्प्यूल हातात घेऊन लेबल वाचा. मिडॅझोलॅम 1 मिग्रॅ प्रति मिली आणि 5 मिग्रॅ प्रति मिली अशा दोन्ही तीव्रतेत मिळते आणि दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असू शकतात. 5 मिग्रॅ प्रति मिलीचे असेल तर 10 मिग्रॅ म्हणजे 2 मिली, मांडीत सहज मावते. 1 मिग्रॅ प्रति मिलीचे असेल तर तेच 10 मिली होतात, जे एका जागी स्नायूत देता येत नाही. तुमच्या पेटीत कोणते आहे हे ड्युटीच्या सुरुवातीलाच बघून ठेवा, घटनास्थळी नव्हे. भरताना औषधाचे नाव, मिग्रॅ आणि मिली मोठ्याने म्हणा आणि जोडीदाराकडून तेच परत म्हणवून घ्या.

शीर आधीच असेल तर लोराझेपॅम दर किलोला 0.1 मिग्रॅ, एका वेळी जास्तीत जास्त 4 मिग्रॅ. किंवा डायझेपॅम दर किलोला 0.15 ते 0.2 मिग्रॅ, जास्तीत जास्त 10 मिग्रॅ, सावकाश. डायझेपॅम स्नायूत देऊ नका, ते तिथून नीट शोषले जात नाही. लोराझेपॅम थंड ठेवावे लागते, गाडीत फ्रीज नसेल तर त्याचा भरवसा धरता येत नाही. मिडॅझोलॅम नेहमीच्या तापमानात टिकते.

सुई टोचणे जमत नसेल, विशेषतः लहान मुलांत, तर नाकातून मिडॅझोलॅम दर किलोला 0.2 मिग्रॅ, फवारा करणारे ॲटमायझर लावून, अर्धे एका नाकपुडीत आणि अर्धे दुसरीत. एका नाकपुडीत 1 मिलीपेक्षा जास्त घालू नका, जास्तीचे घशात उतरून वाया जाते. म्हणून इथेही 5 मिग्रॅ प्रति मिलीचेच औषध हवे. नाक रक्ताने किंवा शेंबडाने भरलेले असेल तर हा मार्ग सोडा. गाल आणि हिरडीच्या मधल्या जागेत दर किलोला 0.3 मिग्रॅ देता येते. या दोन्ही मार्गांनी एकूण 10 मिग्रॅच्या वर जायचे नाही. गुदमार्गाने डायझेपॅम हाही जुना, चालणारा मार्ग आहे. तुमच्या सेवेच्या प्रोटोकॉलमध्ये यांपैकी जे आहे ते आणि तिथली मात्रा तोंडपाठ असू द्या.

आता अर्ध्या डोसबद्दल. '10 जास्त वाटतात, आधी 2 देऊन बघू' हे वाक्य तुम्ही सिनिअर लोकांच्या तोंडूनही ऐकाल. त्यामागची भीती खरी आहे. बेंझोडायझेपिनने श्वास मंदावतो. पण न थांबलेला झटका श्वासाचे त्याहून जास्त नुकसान करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅरामेडिकनी केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना लोराझेपॅम, काहींना डायझेपॅम आणि काहींना नुसते औषधविरहित द्रावण दिले होते. श्वास किंवा रक्ताभिसरणाची गुंतागुंत औषध मिळालेल्या गटांत सुमारे 10 टक्के होती, आणि औषध न मिळालेल्या गटात 22 टक्क्यांहून जास्त. 2 मिग्रॅ देऊन थांबलात तर झटका चालू राहतो, रिसेप्टर आत जात राहतात आणि पुढचे 2 मिग्रॅ आणखी कमी काम करतात. शेवटी औषध तेवढेच जाते, उपयोग मात्र होत नाही. वजनाप्रमाणे ठरलेला पूर्ण डोस पहिल्यांदाच द्या आणि बॅग-मास्क हाताशी ठेवा. श्वास मंदावला तर बॅगने श्वास देणे तुम्हाला येते.

डोस दिल्यावर

दिल्याची वेळ लगेच लिहा, हातमोज्यावर लिहिली तरी चालेल. स्नायूतल्या मिडॅझोलॅमने झटका साधारण तीन-चार मिनिटांत थांबतो, म्हणून पाच मिनिटे वाट पाहा. या पाच मिनिटांत शीर लावा, ईसीजी आणि असेल तर कॅप्नोग्राफी (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) जोडा, ताप बघा, रुग्णाला गाडीकडे हलवायची तयारी करा. झटका चालूच असेल तर प्रोटोकॉलप्रमाणे दुसरा डोस. त्यानंतरही थांबला नाही तर तिसऱ्यांदा बेंझोडायझेपिन देत बसण्यापेक्षा दुसऱ्या गटातले औषध लागते. लेव्हेटिरासिटॅम, व्हॅल्प्रोएट आणि फॉसफेनिटॉइन यांची तुलना 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसेट अभ्यासात झाली. तिन्ही जवळपास सारखी, निम्म्याच्या आसपास रुग्णांत काम करणारी ठरली. तुमच्या गाडीत यांपैकी काही असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याशी बोलून ते सुरू करा. नसेल तर निघा आणि रुग्णालयाला आधीच कळवा.

थरथर थांबली म्हणजे झटका थांबलाच असे धरू नका. लांबलेल्या स्टेटसमध्ये स्नायू थकतात आणि वरून फक्त पापणी फडफडणे, डोळे एका बाजूला खेचले जाणे, ओठाचा कोपरा किंवा अंगठा हलणे एवढेच उरते. आत मेंदूत झटका चालूच असतो. पापण्या उघडून बुबुळे नक्की पाहा. दर पाच मिनिटांनी रुग्ण आधीपेक्षा थोडा तरी जागा होत आहे का, हे बघत राहा. काहीच सुधारणा नसेल तर तसे रुग्णालयात स्पष्ट सांगा.

एका बाजूचा हात किंवा पाय झटक्यानंतर लुळा पडू शकतो. याला टॉड्स पॅरालिसिस म्हणतात आणि तो काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो. पण पक्षाघातातही झटका येतो, त्यामुळे हा निर्णय तुम्ही घेऊ नका. रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता ती वेळ विचारून घ्या आणि पक्षाघाताची शंका म्हणून कळवा.

वेगळे रुग्ण

गर्भवती स्त्री, पाचवा महिना उलटलेला, किंवा बाळंतपणाला सहा आठवडे झालेले नाहीत: अपस्माराचा इतिहास नसताना झटका आला तर एक्लॅम्प्सिया (गर्भारपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाच्या आजारातून येणारा झटका) समजा. इथे पहिले औषध मॅग्नेशियम सल्फेट. 4 ग्रॅम शिरेतून सावकाश, शीर नसेल तर दोन्ही नितंबांत प्रत्येकी 5 ग्रॅम खोल स्नायूत. तिला डाव्या कुशीवर ठेवा, रक्तदाब मोजा. मॅग्नेशियम जास्त झाले तर आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, मग श्वास मंदावतो, म्हणून गुडघा तपासत राहा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट 1 ग्रॅम जवळ ठेवा. बाळंतीण घरी येऊन आठवडा झाला असला की हे निदान सहज निसटते. झटका आलेल्या प्रत्येक तरुण स्त्रीच्या घरच्यांना 'अलीकडे बाळंतपण झाले का' हे विचारा.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात आलेला झटका बहुधा तुम्ही पोहोचेपर्यंत थांबलेला असतो आणि मूल रडत असते. रडणे ही चांगली खूण. जादा कपडे काढा, पण गार पाण्याने अंग पुसत बसू नका. पॅरासिटॅमॉलने मुलाला बरे वाटते, पुढचा झटका मात्र त्याने टळत नाही, आणि हे आईबापांना नीट समजावून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी ते स्वतःलाच दोष देत राहतात. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असेल, मान ताठ असेल, टाळू फुगलेली असेल, अंगावर दाबूनही न विरणारे जांभळे ठिपके असतील किंवा ते जागे होत नसेल, तर हा साधा तापाचा झटका नव्हे. उशीर न करता निघा.

डोक्याला मार, विषबाधा, औषधांचा अतिडोस, उष्माघात: प्रत्येकात झटक्याचे औषध तेच, पण कारणाचा माग तुम्हीच घटनास्थळी काढायचा आहे. रिकामी पाकिटे, बाटल्या, औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड जास्त घेतले गेले तर झटके नेहमीच्या औषधांनी थांबत नाहीत, त्यावर पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी-6) लागते. ते रिकामे पाकीट रुग्णालयात पोहोचले तरच डॉक्टरांना हे सुचेल.

सुपूर्द करताना

झटका कोणी पाहिला, त्याच्याशी दोन मिनिटे बोला. तो कसा सुरू झाला, एका बाजूने की एकदम सगळ्या अंगात, डोळे कुठे वळले, किती वेळ चालला, पडताना डोके आपटले का. हे तुम्ही विचारले नाही तर रुग्णालयात ते कुणालाच कळणार नाही. रुग्ण रोज कोणते औषध घेतो आणि गेल्या काही दिवसांत डोस चुकला का, हेही विचारा. अपस्मार असलेल्यांत गोळी चुकणे हे झटक्याचे नेहमीचे कारण आहे. कुणी मोबाइलवर चित्रण केले असेल तर ते डॉक्टरांना दाखवायला सांगा.

रुग्णालयात सांगताना क्रम असा ठेवा: 'चौतीस वर्षांचे गृहस्थ, जुना अपस्मार, दोन दिवस गोळी चुकली. झटका सव्वादहाला सुरू झाला, आम्ही पोहोचलो तेव्हा चालू होता. साखर 104. मांडीत मिडॅझोलॅम 10 मिग्रॅ दहा सत्तावीसला, झटका दहा एकतीसला थांबला. आता आवाजाला डोळे उघडतात, बोलत नाहीत, उजवा हात कमी हलतो.' घरच्यांनी आधी काही औषध दिले असेल तर तेही याच हिशेबात धरा.

काही रुग्ण तुमच्यासमोरच पूर्ण भानावर येतात आणि रुग्णालयात यायला नकार देतात. जुना अपस्मार, नेहमीसारखाच एक छोटा झटका, कुठे इजा नाही, साखर आणि श्वास ठीक, आणि सोबत थांबणारे जबाबदार माणूस, एवढे सगळे जुळत असेल तर प्रोटोकॉलप्रमाणे त्यांना घरी ठेवता येते. मात्र पहिलाच झटका, एकाहून जास्त झटके, गर्भारपण, मधुमेह, डोक्याला मार, ताप किंवा पाण्यात असताना आलेला झटका, यांपैकी काहीही असेल तर आग्रहाने न्या. तुम्ही बेंझोडायझेपिन दिलेल्या रुग्णाला घरी सोडायचे नाही. औषधाचा अंमल ओसरेपर्यंत त्याचा नकार समजून-उमजून दिलेला नकार धरता येत नाही.